मोअरबाथ: ३३ घरांचं गाव आणि ५४ वर्षांचे हिशोब

देवराई

१५३४ च्या नोव्हेंबरातल्या एका रात्री इंग्लंडमधल्या मोअरबाथ गावच्या चर्चमध्ये चोर शिरला. शिडी लावून वर चढला, शिडी मागून ओढून घेतली, तीच मनोऱ्याच्या खिडकीला टेकवली, खिडकी फोडून घंटांपाशी उतरला आणि तिथून आत. चकमक झाडून उजेड केला. जाताना चांदीचा चषक नेला आणि संत सिडवेलच्या मूर्तीचा चांदीचा जोडाही नेला. चकमकीची डबी मात्र तिथेच राहिली.

हे सगळं कळतं कारण गावच्या पाद्र्याने ते हिशोबात लिहून ठेवलंय. लगेच पुढे हेही लिहिलंय की गावातली तरुण पोरं आणि पोरी एकत्र आली, आपसांत पैसे काढले आणि नवा चषक आणला. गावावर त्याचा काही भार पडला नाही.

सध्या मी या हिशोबांच्या मागे लागलेय, म्हणून हा धागा. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडविषयी आपल्याकडे जे बोललं जातं ते राजे, राण्या आणि आरमार यांच्याभोवतीच फिरतं. लंडनमध्ये निघालेला हुकूम दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या आडगावात पोचतो तेव्हा तिथे काय होतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मोअरबाथमध्ये ते वर्षागणिक दिसतं. मेंढ्या विकल्या, दिवे बंद झाले, उत्सव थांबला, कर्ज झालं, अशा साध्या नोंदींतून.

गाव डेव्हन परगण्यात, एक्समूरच्या माळरानाच्या दक्षिण कडेला. तेव्हा जेमतेम ३३ कुटुंबं, तीही एका ठिकाणी नाहीत, डोंगरउतारांवरच्या शेतांवर पांगलेली. गावात राहणारा बडा जमीनदार नाही. जमिनीची मालकी जवळच्या बार्लिंच मठाकडे होती. १५३६ मध्ये आठव्या हेन्रीने लहान मठ बंद केले त्यात तो गेला, आणि मठाच्या चर्चमधली एक रंगीत काचेची खिडकी मोअरबाथच्या चर्चला मिळाली.

क्रिस्टोफर ट्रिकी १५२० मध्ये पाद्री म्हणून आला आणि १५७४ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. आठवा हेन्री, सहावा एडवर्ड, मेरी, एलिझाबेथ, असे चार राज्यकर्ते त्याने पाहिले. पोपचं इंग्लंड, राजाचं इंग्लंड, कडक प्रोटेस्टंट इंग्लंड, पुन्हा पोपचं, पुन्हा प्रोटेस्टंट, हा सगळा फेरा एकाच माणसाच्या हस्ताक्षरात आहे. हे हिशोब तो गावासमोर मोठ्याने वाचून दाखवी. त्यामुळे भाषा कोरडी नाही. मध्येच कुणाचे आभार, मध्येच कुणाची कानउघाडणी, मध्येच लॅटिन.

आता मेंढ्यांबद्दल, कारण गावाचा सगळा कारभार मेंढ्यांवर चाले. चर्चमध्ये अनेक संतांच्या मूर्ती, आणि प्रत्येक मूर्तीपुढच्या दिव्यासाठी वेगळा निधी. मेरीमातेचा वेगळा, संत जॉर्जचा वेगळा, येशू आणि सिडवेलचा मिळून वेगळा. तरुण मुलांचा एक, अविवाहित मुलींचा एक. या निधींच्या मालकीच्या मेंढ्या होत्या, पण चर्चला कुरण नव्हतं. म्हणून एकेक-दोनदोन मेंढ्या गावातल्या घराघरांत ठेवलेल्या. वर्षाच्या शेवटी निधीचे कारभारी उभे राहून सांगत: अमक्याकडची मेंढी व्याली, तमक्याकडची मेली, लोकर इतक्याला गेली. कारभाराची पाळी घरोघर फिरे. तेहतीस घरांच्या गावात दरवर्षी दहा-बारा माणसं कुठल्या ना कुठल्या निधीचे कारभारी असणार. म्हणजे बहुतेक प्रत्येकाला आयुष्यात कधीतरी गावासमोर उभं राहून हिशोब द्यावा लागला.

देणग्याही तशाच. कुणी मधमाश्यांचं पोळं दिलं, त्याचं मेण दिव्याला. कुणी बाई मरताना आपला झगा किंवा जपमाळ ठेवून गेली. सिडवेल ही एक्सेटर शहराची संत. कापणी करणाऱ्यांनी विळ्याने तिचं डोकं उडवलं आणि तिथे झरा फुटला अशी तिची कथा. तिची भक्ती मोअरबाथमध्ये ट्रिकीने रुजवली, आणि तिच्या चांदीच्या जोड्यासाठी लोकांनी अंगावरची चांदी दिली. चोर तोच जोडा घेऊन गेला.

मोठी कमाई ‘चर्च एल’ची. एल म्हणजे सातूची बीअर, पण हॉप्सची कडवट फुलं न घालता केलेली. कारभारी माल्ट (मोड आणून वाळवलेली सातू) आणत, चर्चच्या आवारातल्या घरात एल गाळली जाई, आणि गावाने, शेजारच्या गावांनी येऊन पैसे देऊन प्यायची-खायची. मनोऱ्याची दुरुस्ती, मेणबत्त्या, धुलाई, दोरखंड, सगळा खर्च त्यातून निघे.

आणि ट्रिकीचं एक स्वतःचं स्वप्न होतं. अंत्यसंस्काराच्या प्रार्थनेला घालायची काळी वस्त्रं, चांगल्या कापडाची. त्यासाठी त्याने वीसेक वर्षं थोडे थोडे पैसे साठवले, स्वतःच्या उत्पन्नातलेही घातले. वस्त्रं आली १५४७ मध्ये. त्याच वर्षी जानेवारीत आठवा हेन्री वारला, नऊ वर्षांचा एडवर्ड गादीवर आला, आणि मृतांसाठी प्रार्थना करण्याची प्रथाच मोडीत निघायला लागली.

पुढचं प्रतिसादांत लिहीन. कुणी या काळाबद्दल वाचलं असेल तर जरूर भर घाला.

---

पाणकळा

फार आवडलं. वाचतोय. दोन प्रश्न. एक, पैशांचा अंदाज कसा घ्यायचा? दोन, मूर्तींपुढचे दिवे बंद करण्याचा हुकूम नक्की कधीचा? आठव्या हेन्रीने पोपशी फारकत घेतली तरी त्याच्या काळात मूर्ती होत्याच, असं मला वाटत होतं.

---

देवराई

@पाणकळा, १२ पेनी म्हणजे १ शिलिंग आणि २० शिलिंग म्हणजे १ पौंड. शतकाच्या सुरुवातीला शेतमजुराला दिवसाला साधारण ४ पेनी मिळत, गवंडी-सुताराला ६ च्या आसपास. पण १५४४ पासून १५५१ पर्यंत सरकारने नाण्यांतली चांदी कमी कमी करत नेली आणि महागाई भडकली. शंभर वर्षांत धान्याचे भाव चार-पाच पट झाले, मजुरी तेवढी वाढली नाही. त्यामुळे १५२० ची पेनी आणि १५६० ची पेनी एका तराजूत तोलता येत नाही.

दिव्यांचं म्हणाल तर पहिला घाव १५३८ चा. हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला की मूर्तींपुढचे दिवे बंद. वेदीवरचा आणि मुख्य क्रूसापुढचा अशा मोजक्या ठिकाणचेच राहतील. मूर्ती जागच्या जागी. पण दिवाच नाही तर दिव्याच्या निधीचं काय करायचं? मेंढ्या कुणासाठी पाळायच्या? मोअरबाथमध्ये निधी एकेक करून आटत गेले. मूर्ती उतरवण्याचा सरसकट हुकूम १५४८ चा, एडवर्डच्या काळातला. तोवर त्यांच्याभोवतीची व्यवस्था निम्मी मोडून पडली होती.

---

रायआवळा

लेख छान आहे, पण एक शंका ठामपणे मांडतो. हे सगळं एका माणसाने लिहिलंय, आणि तो पाद्री आहे. त्याला गाव एकदिलाचं दिसायला हवं होतं. गावातल्या ज्या मजुराकडे स्वतःचं मेंढरू नाही त्याला या निधींचं प्रेम होतं की ओझं? चर्च एलला पैसे दिले नाहीत तर शेजारीपाजारी काय म्हणत असतील? आपल्याकडे जत्रेच्या वर्गणीला नाही म्हणणं किती अवघड असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

शिवाय इंग्लंडभर लोक मूर्तींसाठी रडत नव्हते. एसेक्समधल्या डोव्हरकोर्टच्या चर्चमधला चमत्कारी म्हणून गाजलेला क्रूस १५३२ मध्ये, म्हणजे कुठलाही हुकूम नसताना, आसपासच्या गावांतल्या चौघांनी रात्री काढून नेऊन जाळला. त्यातल्या तिघांना फाशी झाली. नवा धर्म वरून लादला गेला एवढंच चित्र रंगवलं तर त्या तिघांचं काय?

---

देवराई

@रायआवळा, मुद्दा रास्त आहे. मोअरबाथ म्हणजे इंग्लंड नव्हे. पूर्वेकडचा एसेक्स, सफोक, लंडन, जिथे कापडाचा व्यापार आणि युरोपातून येणारी पुस्तकं होती, तिथलं वारं वेगळंच होतं.

पण एकदिलाचं गाव ट्रिकीने रंगवलंय असं मला वाटत नाही. चर्चच्या कारकुनाचा पगार कुणी किती द्यायचा यावरून १५३० च्या दशकात गावात मोठं भांडण झालं. कुणी वाटा देईना, कुणी कारकुनाला शेतावर येऊन धान्य गोळा करू देईना, वर्षानुवर्षं घोळ. शेवटी गावाच्या वतीने निवडलेल्या पाच जणांनी तडजोड घातली. तिथे त्या मंडळाचं नावच ‘पाच माणसं’ होतं, आणि गाव अडचणीत आलं की पैसे उभे करण्याचं काम त्यांच्याकडे जाई. कुणाच्या घरावर किती पेनी आणि कुणी किती दाणे द्यायचे हे ट्रिकीने घरवार लिहून काढलंय. भांडण मिटल्यावर पुन्हा कुणी वाकडं बोलू नये म्हणून.

भूमिहीन मजुरांचा आवाज त्यात फार बारीक आहे, हे मात्र खरं.

---

केतकी_व

देवराई, मुलींचा वेगळा निधी आणि त्याच्या कारभारणी मुलीच, हे वाचून बरं वाटलं. बायका मुख्य वॉर्डनही, म्हणजे सगळ्या चर्चचा हिशोब सांभाळणाऱ्या कारभारणीही, होत का?

या काळाबद्दल एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये सामान्य घरांत लग्नं बालपणी होत नसत. मुली सरासरी पंचविशीत आणि मुलगे सत्ताविशी-अठ्ठाविशीत लग्न करत. बालविवाह व्हायचे ते मोठ्या घराण्यांत, जमिनीच्या सौद्यासाठी. साध्या घरातली मुलगी बारा-चौदा वर्षांची झाली की दुसऱ्याच्या शेतावर किंवा घरी वर्षाच्या कराराने कामाला राही, पैसे साठवी, आणि वेगळी चूल मांडण्याइतकं जमलं की मग लग्न. मोअरबाथच्या त्या पोरींकडे चषकासाठी काढायला स्वतःचे पैसे होते, ते यामुळेच असणार.

हे आकडे कळतात तेही क्रॉमवेलमुळेच. त्याच १५३८ च्या हुकमात होतं की प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायची आणि दर आठवड्याला लिहायची. डेव्हन-कॉर्नवॉलमध्ये लगेच कुजबुज सुरू झाली, की आता जन्मावर आणि लग्नावरही कर बसणार. तसा कर बसला नाही, पण लोकांचा सरकारवर किती भरवसा होता ते कळतं. त्या वह्यांवरून पुढच्या इतिहासकारांनी गणित मांडलं की साधारण चारातलं एक मूल दहा वर्षांचं होण्याआधी जाई.

आणि त्यातलं एक मूल मला विसरता येत नाही. अपघाती मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरच्या कागदांत वूस्टरशरमधल्या अप्टन वॉरेन गावची १५६९ ची नोंद आहे. अडीच वर्षांची जेन शॅक्सपिअर गिरणीच्या तळ्याकाठी पिवळी फुलं तोडत होती, पाण्यात पडली आणि बुडाली. एवढीच नोंद. त्या काळच्या मुलाचा एक दिवस, फुलांच्या रंगासकट, आपल्यापर्यंत पोचतो तो अशा सरकारी चौकशीतून.

---

देवराई

@केतकी_व, हो, बायका मुख्य वॉर्डन होत. एरवी वॉर्डनची पाळी शेताच्या घराप्रमाणे फिरायची, आणि घराची कर्ती विधवा असेल तर पाळी तिच्याकडे.

१५४८ ची वॉर्डन लूसी सीली. गावाच्या आयुष्यातलं सर्वांत वाईट वर्ष तिच्या वाट्याला आलं. चर्च एल बंद झाली म्हणजे उत्पन्न बंद. मेंढ्या विकल्या गेल्या. वस्त्रं, भांडी विकायला काढावी लागली. वर तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे हजर राहायचा प्रवासखर्च, नव्या पुस्तकांचा खर्च. पुढे ट्रिकीने मागे वळून लिहिलंय की लूसीच्या काळापासून चर्चला देणगी म्हणून काही आलं नाही, जे काही झालं ते चर्चमधून जाणंच. त्यात तिला दोष दिलेला नाही. फक्त कधीपासून, ते सांगायला तिचं नाव घेतलंय.

---

डोंगरवाट

मी याच भागात बरीच वर्षं राहतो, म्हणून १५४९ बद्दल लिहितो. ते आल्याशिवाय मोअरबाथची गोष्ट पुरी होत नाही.

९ जून १५४९ हा नव्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाचा पहिला रविवार. लॅटिन मास, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, बंद. दुसऱ्या दिवशी डेव्हनमधल्या सॅम्पफर्ड कोर्टनी गावच्या लोकांनी आपल्या पाद्र्याला जुनी वस्त्रं घालून जुनाच मास म्हणायला लावला. तिथून ठिणगी पडली. कॉर्नवॉलची माणसं येऊन मिळाली. त्यांच्या मागणीपत्रात म्हटलंय की ही नवी उपासना नाताळातल्या खेळासारखी आहे, आणि आमच्यातल्या काहींना तर इंग्रजी कळतच नाही. ते खरंच होतं. पश्चिम कॉर्नवॉलमध्ये तेव्हा कॉर्निश बोलली जाई. लॅटिन त्यांना कळत नव्हती, पण ती पिढ्यान्‌पिढ्या कानावरची होती.

त्यात मेंढ्यांचा कर! त्याच वर्षी पार्लमेंटने मेंढ्यांवर डोईपट्टी बसवली होती, चांगल्या कुरणातल्या मेंढीला ३ पेनी. ज्या भागाचं पोट लोकरीवर, तिथे हे किती झोंबलं असेल. पुढच्या वर्षी सरकारने तो कर मागे घेतला.

२ जुलैपासून बंडखोरांनी एक्सेटर शहराला वेढा घातला. शहराबाहेर सेंट डेव्हिड्स डाऊनवर त्यांचा तळ होता. मोअरबाथच्या हिशोबात त्या साली नोंद आहे की गावातली पाच तरुण माणसं सेंट डेव्हिड्स डाऊनच्या तळावर निघाली तेव्हा त्यांना शस्त्रं आणि पैसे देण्यात आले. नावंनिशी, गावाच्या खर्चाने. पूर्वी काही जण समजत की ही माणसं सरकारच्या बाजूने गेली असावीत. पण तळ कुणाचा होता ते पाहिलं की अर्थ स्पष्ट आहे, आणि आज अभ्यासक तसाच तो लावतात. तेहतीस घरांच्या गावाने राजाविरुद्ध पाच पोरं पाठवली, आणि पाद्र्याने ते वहीत लिहिलंही.

६ ऑगस्टला वेढा उठला. फेनी ब्रिजेस, क्लिस्ट सेंट मेरी, क्लिस्ट हीथ आणि शेवटी सॅम्पफर्ड कोर्टनी इथे सरकारी फौजेने बंड चिरडलं. त्या फौजेत इटालियन आणि जर्मन भाडोत्री सैनिक होते. मेलेल्यांचा आकडा साधारण चार हजारांपर्यंत धरतात. एक्सेटरजवळच्या सेंट थॉमसचा पाद्री रॉबर्ट वेल्श याला त्याच्याच चर्चच्या मनोऱ्यावर, पुरोहिताच्या वस्त्रांत, फासावर लटकवलं. नंतर हुकूम आला की चर्चच्या घंटा उतरवा. घंटा वाजवूनच गावं गोळा झाली होती.

@रायआवळा, तुमच्या मुद्द्याला जोड म्हणून सांगतो. त्याच उन्हाळ्यात नॉरफोकमध्ये केटचं बंड झालं. सोळा हजारांच्या आसपास माणसं नॉरिचबाहेर मोसहोल्ड हीथवर जमली. पण त्यांचा राग गावकीची कुरणं कुंपण घालून बळकावणाऱ्या जमीनदारांवर होता, आणि त्यांच्या तळावर प्रार्थना चालत त्या याच नव्या पुस्तकातून. एकाच राज्यात, एकाच उन्हाळ्यात, दोन बंडं, आणि धर्माच्या बाबतीत एकमेकांच्या अगदी उलट.

---

चुलाणं

इतिहासातलं मला फार कळत नाही, मी स्वयंपाकघराच्या दारातून येते. 🙂

एसेक्समधल्या रॅडविंटरचा पाद्री विल्यम हॅरिसन याने १५७७ मध्ये इंग्लंडचं वर्णन छापलं. त्यात त्याच्या गावातले म्हातारे सांगतात की आमच्या डोळ्यांदेखत तीन गोष्टी फार बदलल्या. पहिली, धुराडी. पूर्वी घराच्या मधोमध चूल आणि धूर छपरातून जाईल तसा जाई, आता घरोघर धुराडी. दुसरी, अंथरूण. त्यांच्या लहानपणी गवताच्या गादीवर झोपायचं आणि उशाला लाकडाचा ओंडका. उशी ही बाळंतिणीची चैन. तिसरी, भांडी. लाकडी थाळ्या जाऊन प्यूटरच्या (कथिलाच्या मिश्रधातूच्या) आल्या, लाकडी चमचे जाऊन चांदीचे किंवा कथलाचे.

धुराडं आलं म्हणजे काय झालं असेल याचा विचार करते. धूर मधे नाही म्हटल्यावर वर माळा टाकता येतो. घराला दुसरा मजला मिळतो, झोपायची वेगळी खोली मिळते.

खाणं म्हणजे पॉटेज. ओट किंवा सातू, वाटाणे, घेवडे, कोबी, कांदे-लीक एकत्र रटरटत ठेवलेलं. जमलं तर डुकराच्या खारवलेल्या मांसाचा तुकडा. पाव गहू आणि राय मिसळून केलेला. पांढरा पाव श्रीमंतांचा. चहा नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही. प्यायला मुलांनाही पातळ एल. शुक्रवारी आणि ईस्टरआधीचे चाळीस दिवस मांस वर्ज्य. गंमत म्हणजे प्रोटेस्टंट एलिझाबेथच्या काळातही मासे खायचे दिवस कमी झाले नाहीत. १५६३ मध्ये उलट बुधवारची भर पडली. कायद्यात स्पष्ट लिहिलं की हे धर्मासाठी नाही, मच्छीमार आणि खलाशी टिकावेत म्हणून आहे, आणि हे धर्मासाठी आहे असं सांगत फिरणाऱ्याला शिक्षा!

मग १५७१ मध्ये टोपीचा कायदा. बडी मंडळी सोडून सहा वर्षांवरच्या सगळ्यांनी रविवारी आणि सणाला इंग्लंडात विणलेली लोकरीची टोपी घालायची, नाहीतर दिवसाला ३ शिलिंग ४ पेनी दंड. टोप्या विणणारे उपाशी मरू नयेत म्हणून. १५९७ मध्ये तो रद्द झाला.

---

साष्टीकर

सुंदर धागा. १५४९ वाचताना थबकलो. आपले फादर थॉमस स्टीफन्स साधारण त्याच साली विल्टशरमधल्या बुश्टन इथे जन्मले. डेव्हनपासून फार लांब नाही.

म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारा माणूस याच उलथापालथीच्या इंग्लंडमध्ये वाढला. वडील व्यापारी. एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक राहणं धोक्याचं होत गेलं तेव्हा तो देश सोडून रोमला गेला, १५७५ मध्ये जेझुइट या कॅथलिक संघात गेला, एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून जहाजात बसला आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरला. महिन्याभराच्या आतच वडिलांना लांबलचक पत्र लिहिलं. समुद्रातले वारे, मासे, पक्षी, आजारपण, सगळं त्यात आहे. पुढे चाळीस वर्षं गोव्यातल्या साष्टीत काढली, ओवीत पुराण रचलं, ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. १६१९ मध्ये इथेच वारला. परत गेला नाही.

१५८३ च्या अखेरीस राल्फ फिच आणि न्यूबेरी हे इंग्रज व्यापारी हेर असल्याच्या संशयावरून गोव्यात कैदेत पडले. तेव्हा त्यांना सोडवण्यात स्टीफन्सची मोठी मदत झाली. धर्म वेगळा, पण गाववाले.

माझा नेहमीचा प्रश्न हा, की लोकांच्या मूर्ती, उत्सव, वस्त्रं हुकमाने काढून घेतली जाणं त्याच्या आईवडिलांच्या पिढीने इंग्लंडमध्ये भोगलं. आणि साष्टीत तो आला तेव्हा पोर्तुगीज सत्तेने तिथली देवळं पाडून फार वर्षं झाली नव्हती. या दोन गोष्टी त्याच्या मनात कधी समोरासमोर आल्या असतील का? त्याने मराठीत, पुराणाच्या घाटात, लोकांच्या ओळखीच्या छंदात लिहायचं ठरवलं. त्यामागे जुनी उपासना हिरावलेल्या माणसांविषयीची जाण होती असं मला वाटतं. पुरावा नाही, पण वाटतं.

---

रायआवळा

@साष्टीकर, जाण असेलही, पण तो ज्या सत्तेच्या आश्रयाने आला तिच्याच कामात होता हेही तितकंच खरं. पुस्तक हवं होतं ते धर्मांतरितांना जुनी पुराणं सोडायला लावल्यावर त्यांच्या जागी द्यायला. भाषेवरचं त्याचं प्रेम मी नाकारत नाही. त्या प्रेमामुळे त्या कामाचा हेतू बदलत नाही.

---

साष्टीकर

मान्य. दोन्ही खरं आहे.

---

पाणकळा

डोंगरवाट आणि साष्टीकर, प्रतिसाद जपून ठेवलेत. देवराई, मेरीच्या काळात काय झालं? आणि बंडानंतर ट्रिकीला शिक्षा कशी झाली नाही?

---

देवराई

@पाणकळा, ट्रिकी का वाचला ते हिशोब सांगत नाहीत. १५४९ नंतर मात्र त्याने प्रत्येक हुकूम पाळला. वेदी काढून लाकडी टेबल आलं, नवी पुस्तकं आली.

१५५३ मध्ये मेरी गादीवर आली आणि जुना धर्म परत आणायचा हुकूम निघाला, तेव्हा मोअरबाथमध्ये घराघरांतून वस्तू बाहेर यायला लागल्या. कुणाकडे मूर्तीचा भाग, कुणाकडे क्रूसाच्या सज्जावरची चित्रं, कुणाकडे पुस्तकं. विकताना गावकऱ्यांनीच नाममात्र पैशाने घेऊन ठेवल्या होत्या, किंवा सरळ लपवल्या होत्या. ट्रिकीने त्या परत देणाऱ्यांना खरी श्रद्धावान माणसं म्हटलंय. @रायआवळा, तुमच्या प्रश्नाचं हे माझ्यापुरतं उत्तर. सगळं ओझंच असतं तर पाच वर्षं पोटमाळ्यावर जोखमीने कुणी जपलं नसतं.

मेरी १५५८ मध्ये वारली. १५५९ मध्ये एलिझाबेथने पुन्हा इंग्रजी प्रार्थनापुस्तक आणलं. या वेळी मोअरबाथने बंड केलं नाही. ट्रिकीने तेच पुस्तक पुढची पंधरा वर्षं वाचलं. हिशोबही बदलत गेले. चर्च एल काही काळ परत आली, मेंढ्यांचे निधी मात्र नाहीत. खर्चाच्या बाजूला आता जास्त करून पुलांची दुरुस्ती, सैनिकांची सामग्री, तुरुंगातल्या कैद्यांसाठीची वर्गणी, गरिबांसाठीचे पैसे. सरकारला गावाकडून जे जे हवं ते वसूल करायला चर्चचे वॉर्डन सोयीचे पडले. १५९८ आणि १६०१ च्या कायद्यांनी गरिबांना पोसण्याची जबाबदारी इंग्लंडभर चर्चच्या हद्दीतल्या गावावर टाकली, तिची तयारी मोअरबाथमध्ये आधीच दिसते.

कुणाला मूळ वाचायचं असेल तर हे हिशोब १९०४ मध्ये छापले गेलेत आणि ती प्रत इंटरनेटवर मिळते. स्पेलिंग विचित्र आहे, मोठ्याने वाचलं की कळायला लागतं. सुरुवात १५३६-३७ च्या कारकुनाच्या भांडणापासून करा. त्यात गावातली बहुतेक सगळी घरं एकदम भेटतात.